वाळूवरचा तपकिरी थर उपसूनही परत का येतो: घरगुती रीफ टाकीचे समस्या निवारण

घरी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे यांची टाकी, उभारणाऱ्या बहुतेकांना पहिल्या वर्षात एका तक्रारीला हमखास तोंड द्यावे लागते. नायट्रोजन चक्र (जिवाणूंनी विषारी अमोनियाचे नायट्रेट करण्याची प्रक्रिया) पूर्ण झालेले असते, क्लाउनफिशची जोडी आणि थोडे मऊ प्रवाळ टाकीत रुळलेले असतात, अमोनिया आणि नायट्राइट शून्य दाखवत असतात, आणि नेमके तेव्हाच पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर धरू लागतो. नळीने तो ओढून घेतला की वाळू दोन दिवस स्वच्छ दिसते आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थर पूर्ववत होतो. मग पाणी बदलण्याचे प्रमाण वाढते, माशांचे खाणे निम्म्यावर येते, फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यम बसवले जाते, दिव्यांची वेळ कमी केली जाते. आणि एवढे सारे करूनही थर हटत नाही, उलट काही टाक्यांत तो आधीपेक्षा दाट होतो.

असे होण्याचे कारण हे की जवळजवळ एकाच रंगाचा हा थर तीन अगदी निराळ्या जीवांचा असू शकतो. डायटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय शैवाल), सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर वाढणारे जिवाणू) आणि डायनोफ्लॅजेलेट (पोहणारे एकपेशीय जीव, छंदातील बोलीत ‘डायनो’) हे ते तीन जीव होत. डायटमला कवच घडवण्यासाठी सिलिकेट लागते आणि ते बहुधा आपणच भरलेल्या पाण्यातून येते. सायनोबॅक्टेरिया साचलेल्या गाळावर आणि मंद प्रवाहात फोफावतात. डायनोफ्लॅजेलेट मात्र पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास संपल्यावर, म्हणजे टाकी कागदोपत्री अत्यंत स्वच्छ झाल्यावर डोके वर काढतात. त्यामुळे पहिल्या दोघांवर लागू पडणारा ‘पोषकद्रव्ये कमी करा’ हा उपाय तिसऱ्याच्या पथ्यावर पडतो. जीवाची ओळख पटेपर्यंत टाकीत कोणतेही औषध ओतू नये आणि कोणतेही नवे माध्यम बसवू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते ते यासाठीच.

आधी ओळख

पहिली पाहणी घड्याळाच्या साहाय्याने करावी. दिवे लागण्यापूर्वी, शक्यतो पहाटे, टॉर्चच्या मंद उजेडात वाळू पाहावी आणि तीच जागा दिवे विझण्याच्या तासभर आधी पुन्हा पाहावी. दोन्ही वेळा मोबाइलने एकाच कोनातून छायाचित्र घेतले तर तुलना सोपी जाते. डायटमचा थर दोन्ही वेळा साधारण सारखाच दिसतो. सायनोबॅक्टेरियाचा थर रात्रीनंतर किंचित विरळ वाटतो, पण जागा सोडत नाही. डायनोफ्लॅजेलेटचे मात्र तसे नसते. पहाटे वाळू जवळजवळ स्वच्छ असते, दिवे लागल्यावर काही तासांत डाग परततात आणि संध्याकाळी ते सर्वांत दाट झालेले असतात. ‘सकाळी बरे वाटते, संध्याकाळी पुन्हा तेच’ अशी तक्रार ऐकली की संशयाची सुई डायनोकडे वळवावी.

त्यानंतर पोत पाहावा. डायटम भुकटीसारखे असतात. काचेवर बोट फिरवले तर ते सहज निघतात आणि पाण्यात तपकिरी धूर उठतो. सायनोबॅक्टेरियाचा थर दुधावरची साय उचलावी तसा एकसंध पापुद्र्याने सुटून येतो, त्याच्याखाली प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले असतात आणि रंगात बहुधा लालसर जांभळी किंवा काळपट हिरवी छटा असते. डायनोफ्लॅजेलेटच्या अनेक जाती चिकट, बुळबुळीत तारा सोडतात. या तारा खडकावरून आणि प्रवाळांच्या टोकांवरून वर लोंबकळतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाशी एखादा बुडबुडा दिसतो. टाकीतील शंखधारी गोगलगायी काचेवरून गळून पडत असतील, उलट्या पडून राहत असतील किंवा एकामागून एक मरत असतील, तर तो डायनोंच्या विषाचा भक्कम संकेत मानावा. डायटम खाल्ल्याने गोगलगायी मरत नाहीत.

घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणीही आहे. सुई नसलेल्या सिरिंजने थराचा नमुना टाकीतील पाण्यासह ओढून घ्यावा, पारदर्शक बाटलीत घालून मिनिटभर जोराने हलवावा आणि कॉफी गाळण्याच्या कागदातून किंवा दुहेरी टिश्यू पेपरमधून गाळून घ्यावा. गाळलेले पाणी टाकीच्याच दिव्याखाली तासभर न हलवता ठेवावे. डायनोंच्या सुट्या पेशी कागदातून पार होतात आणि उजेड मिळताच पुन्हा एकमेकींना चिकटून तपकिरी गुठळ्या किंवा तारा तयार करतात. सायनोबॅक्टेरियाचे धागे बहुतांशी कागदावर अडकून राहतात आणि खालचे पाणी स्वच्छ राहते. डायटमच्या काही पेशी पार झाल्या तरी त्या तळाशी भुकटीसारख्या बसतात, त्यांच्या तारा बनत नाहीत.

सर्वाधिक गफलत होते ती ॲम्फिडिनियम या डायनोच्या बाबतीत. या वंशातील वाळूत राहणाऱ्या जाती फारसा चिकट द्रव सोडत नाहीत, त्यांच्या तारा दिसत नाहीत, आणि त्यांचा थर हुबेहूब डायटमसारखा भुकटीचा वाटतो. त्यामुळे वरची चाचणीही नीटसा निर्णय देत नाही. म्हणून महिनाभराहून अधिक काळ थर टिकला असेल तर सूक्ष्मदर्शक हाताशी असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महागड्या उपकरणाची गरज नाही. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असतो तसा, दहापट नेत्रिका आणि चाळीसपट वस्तुभिंग असलेला, म्हणजे एकूण चारशेपट मोठे दाखवणारा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो. ओळखीच्या शिक्षकांकडे नमुन्याची बाटली घेऊन गेले तरी काम होते. मात्र नमुना त्याच दिवशीचा हवा.

भिंगाखाली डायटमचे काचेसारखे ताठ, रेखीव कवच दिसते. होडीच्या आकाराच्या पेशी हळू सरकत असतात. सायनोबॅक्टेरियाचे बारीक धागे असतात आणि प्रत्येक धागा आडव्या रेघांनी विभागलेला दिसतो. डायनोफ्लॅजेलेटच्या पेशी सतत हालचाल करत असतात. ऑस्ट्रिऑप्सिसची पेशी थेंबाच्या आकाराची, एका टोकाला निमुळती असते आणि त्या टोकाला खिळवल्याप्रमाणे गोल गोल फिरते. ॲम्फिडिनियम लंबगोल असतो, त्याच्या एका टोकाशी लहानसा वाकडा भाग असतो आणि तो वाळूच्या कणांमधून भराभर सरकतो. कूलिया जवळजवळ गोल दिसतो, तर प्रोरोसेंट्रमच्या अंडाकृती पेशीच्या मध्यभागी ठळक ठिपका दिसतो. उपाय ठरवण्यासाठी एवढा फरक कळला तरी पुरेसा आहे. जातीच्या नावापर्यंत पोहोचण्याची आवश्यकता नाही.

टॉप-अपचे पाणी, आणि उन्हाळ्यात परतणारा थर

थर डायटमचा ठरला आणि टाकी दोनतीन महिन्यांहून लहान असेल, तर काही न करणे हाच उत्तम उपाय आहे. नव्या टाकीतील खडक, वाळू आणि पाणी यांतील उपलब्ध सिलिकेट संपले की हा थर काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि ट्रोकस किंवा सेरिथ गोगलगायी ते काम आणखी हलके करतात. प्रश्न असतो तो जुन्या टाकीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या डायटमचा, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा रोज भरल्या जाणाऱ्या पाण्यात सापडते.

टाकीतून बाष्पीभवनाने केवळ पाणी उडून जाते. त्यात विरघळलेले सारे क्षार मागे राहतात. त्यामुळे टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरलेल्या, पाण्यात जे काही असेल ते टाकीत साठत जाते. मार्च ते मे या काळात चिलर नसलेल्या टाक्यांवर पंखे लावले जातात, तापमान २६ ते २७ अंशांवर राखण्यासाठी ते आवश्यकही असतात, पण पंख्यामुळे बाष्पीभवन कित्येक पटींनी वाढते. समजा ३०० लिटरच्या टाकीतून रोज ६ लिटर पाणी उडते आणि भरण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम सिलिका आहे. महिन्याला १८० लिटर पाणी भरले जाईल आणि त्यासोबत ३६० मिलिग्रॅम सिलिका येईल, म्हणजे टाकीच्या प्रत्येक लिटरमागे १.२ मिलिग्रॅमची भर पडेल. डायटमच्या पिकाला एवढे रसद म्हणून भरपूर आहे. दर उन्हाळ्यात थर परततो आणि पावसाळ्यात विरतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी दिव्यांपेक्षा आधी या हिशेबाकडे पाहावे.

घरातील पिण्याच्या पाण्याचा आरओ हा या बाबतीत मोठा फसवा घटक आहे. ‘आम्ही आरओचेच पाणी वापरतो’ असे सांगितले जाते, परंतु भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) नियंत्रक असतो. चवीसाठी तो मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. काही यंत्रांत त्यापुढे खनिजे घालणारे कार्ट्रिज असते. पिण्यासाठी हे योग्यच आहे, रीफ टाकीसाठी नाही. त्यातही तांबे सोडणारे कार्ट्रिज असलेल्या यंत्राचे पाणी टाकीत कदापि घालू नये, कारण तांबे अत्यल्प प्रमाणातही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना घातक ठरते आणि खडकात मुरल्यावर ते बाहेर काढणे कठीण असते.

टाकीसाठी वेगळा आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) असा संच लागतो, आणि शेवटच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असावा. शून्य दिसत असूनही डायटम येत राहतात, तेव्हा रेझिनवर शंका घ्यावी. पाण्यातील सिलिका बहुतांशी विद्युतभाररहित सिलिसिक आम्लाच्या रूपात असते. टीडीएस मीटर मुळात विद्युतवाहकता मोजत असल्याने ती मीटरला जवळजवळ दिसत नाही. रेझिनची ताकद संपत आली की सर्वांत आधी निसटते ती सिलिका, आणि मीटरचा आकडा हलतो तो त्यानंतर. यावर उपाय म्हणून रेझिनचे दोन डबे एकापुढे एक जोडावेत, मीटर दोहोंच्या मध्ये बसवावा, आणि मधला आकडा १ होताच पहिला डबा काढून दुसरा त्याच्या जागी आणावा व नवा डबा शेवटी लावावा. सिलिकेटची चाचणी किट मिळाली तर भरण्याच्या पाण्याचीच चाचणी घ्यावी; टाकीतील पाण्याची घेऊन उपयोग नसतो, कारण तेथे डायटमने सिलिकेट आधीच उचललेले असते.

पुण्याच्या किंवा ठाण्याच्या उपनगरांतील ज्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरचे, म्हणजे बहुधा बोअरवेलचे पाणी मिळते, तेथे हा प्रश्न अधिक बिकट होतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील सिलिकेट खनिजे झिजून भूजलात विरघळत असतात, त्यामुळे धरणाच्या पाण्याच्या तुलनेत या पाण्यात क्षार आणि सिलिका दोन्ही अधिक असतात. नळाला ८० टीडीएसचे पाणी येत असताना सहा महिने पुरणारे रेझिन, टँकरचे ८०० टीडीएसचे पाणी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संपू शकते. याखेरीज दोन गोष्टी तपासाव्यात. वरच्या मजल्यावर गच्चीच्या टाकीचा दाब अपुरा असतो आणि कमी दाबावर मेम्ब्रेन क्षार नीट अडवत नाही, म्हणून बूस्टर पंप चालू आहे ना हे पाहावे. तसेच संच सुरू केल्यानंतर पहिल्या काही मिनिटांचे पाणी नेहमी अधिक टीडीएसचे असते. ते रेझिनमध्ये न जाऊ देता बाहेर सोडून द्यावे. स्वयंचलित फ्लोट व्हॉल्व्हने दिवसातून अनेकदा थोडे थोडे पाणी बनवणाऱ्या संचांत रेझिन लवकर संपते ते याच कारणाने. दोन दिवसांचे पाणी एकदम बनवून झाकणाच्या पिंपात ठेवणे चांगले.

वाळूवर मात्र उगाच आळ येतो. क्वार्ट्झच्या वाळूतून सिलिकेट सुटते असे सर्रास सांगितले जाते, पण क्वार्ट्झ समुद्राच्या पाण्यात इतके सावकाश विरघळते की त्यावर वर्षभर टिकणारे डायटमचे पीक उभे राहणार नाही. ॲरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू अन्य कारणांसाठी चांगली आहे. डायटम घालवण्यासाठी वाळू बदलून टाकी ढवळून काढण्याचे कारण नाही.

सायनोबॅक्टेरिया ठरल्यास

याबाबत फार लिहिण्याची गरज नाही, कारण यावरचे उपाय सर्वज्ञात आणि सरळ आहेत. पापुद्रा नेहमी त्याच जागी धरतो का ते पाहावे. ती जागा म्हणजे प्रवाह न पोहोचणारा कोपरा असतो. वेव्हमेकरची (प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची) दिशा बदलावी, खडकाखालचा गाळ सिरिंजने उडवून संपमधील (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतील) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणाऱ्या कापडी पिशवीत, अडकवावा, सॉक दोनतीन दिवसांनी धुवावा, आणि पापुद्रा पाणी बदलताना नळीने ओढून घ्यावा. जिवाणूंकरवी पोषकद्रव्ये कमी करण्यासाठी व्होडका, साखर किंवा तत्सम कार्बन स्रोत घालत असल्यास (याला कार्बन डोसिंग म्हणतात) तो थांबवावा किंवा निम्म्यावर आणावा. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा वर अशी विषम स्थिती असेल, तर थोडे नायट्रेट वाढवल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके टाकून दोन दिवसांत थर घालवण्याचा मार्ग लोकप्रिय आहे. तो अखेरचा उपाय म्हणून ठेवावा. मेलेला थर कुजताना प्राणवायू झपाट्याने घटतो, उपयुक्त जिवाणूंनाही धक्का बसतो, आणि गाळ व प्रवाह यांची स्थिती तीच राहिल्याने महिन्या-दीड महिन्यात थर परत येतो. शिवाय प्रतिजैविक मिसळलेले पाणी शेवटी गटारात जाते, हेही लक्षात ठेवावे.

डायनोफ्लॅजेलेट: स्वच्छतेने वाढणारा शत्रू

कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर चमकताना दिसतात; ती किमया नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटची असते. प्रवाळाच्या ऊतींत राहून त्याला अन्न पुरवणारी झूझँथेली हीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच आहेत. टाकीतील उपद्रवी जाती त्यांच्याच गणगोतातील असल्याने ‘फक्त डायनो मारणारे आणि प्रवाळाला धक्का न लावणारे’ औषध मिळणे मुळातच अवघड आहे. बाटलीवरचा दावा कितीही आकर्षक असला तरी ही अडचण ध्यानात घ्यावी.

हा उपद्रव आजच्या टाक्यांत अधिक दिसतो, याला दोन गोष्टी कारण आहेत. पहिली म्हणजे कोरडा खडक. भारतात सर्व खडकनिर्माते प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून जिवंत अथवा मृत प्रवाळाचा खडक उचलून आणणे हा गुन्हा आहे, आणि तो कोणी विकत असेल तरी घेऊ नये. साहजिकच बहुतेक टाक्या कोरड्या किंवा कृत्रिम खडकावर सुरू होतात, आणि अशा खडकावर वाळूची जागा व्यापणारे, डायनोंशी स्पर्धा करणारे सूक्ष्मजीव सुरुवातीला नसतातच. दुसरी गोष्ट म्हणजे फिल्टरची अतिरेकी ताकद. मोठा स्किमर (फेसाबरोबर मळ बाहेर काढणारे यंत्र), फॉस्फेट शोषक माध्यम, कार्बन डोसिंग आणि मोजके मासे यांनी नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात. मग हिरवे शेवाळ आणि जिवाणू उपाशी राहतात, आणि अनेक मार्गांनी अन्न मिळवू शकणारे, प्रसंगी इतर सूक्ष्मजीव गिळणारे डायनो मोकळ्या जागेवर कब्जा करतात.

म्हणून उपचाराची सुरुवात फिल्टर मंदावण्याने होते. फॉस्फेट शोषक माध्यम काढून ठेवावे, कार्बन डोसिंग थांबवावे, स्किमर दिवसातून काही तासच चालवावा आणि माशांचे खाणे पूर्ववत करावे. नियमित पाणी बदलणेही काही आठवडे थांबवावे. ताज्या मिठाच्या पाण्यातून येणारी सूक्ष्म मूलद्रव्ये डायनोंना बळ देतात, हा छंदातील अनेकांचा अनुभव आहे, आणि पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी थर दाट झालेला बहुतेकांनी पाहिलेला असतो. या काळात पाण्याची कार्बोनेट क्षारता (अल्कलिनिटी; खारटपणा नव्हे) मात्र दर दोनतीन दिवसांनी मोजावी आणि ७ ते ९ डीकेएच (तिचे एकक) या मर्यादेत स्थिर ठेवावी.

एवढ्याने आकडे वर न आल्यास पोषकद्रव्ये मोजून घालावी लागतात. लक्ष्य नायट्रेटसाठी लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेटसाठी ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम असे ठेवावे. ३०० लिटर पाण्यात नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढवण्यास सुमारे २ ग्रॅम सोडियम नायट्रेट लागते. हे प्रमाण तीनचार दिवसांत विभागून, आरओच्या पाण्यात विरघळवून घालावे. फॉस्फेट लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमने वाढवण्यास १२ जलरेणूंचे ट्रायसोडियम फॉस्फेट अवघे ६० मिलिग्रॅम पुरते. एवढे थोडे वजन घरच्या काट्यावर नीट होत नाही, म्हणून ६ ग्रॅम पदार्थ एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर घालणे सोयीचे पडते. रसायने प्रयोगशाळेच्या दर्जाची घ्यावीत, खताच्या दुकानातील नकोत. कोरड्या खडकाच्या टाकीत एक गंमत घडते: घातलेले फॉस्फेट दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दाखवते. ते खडकाच्या कॅल्शियम कार्बोनेटने शोषलेले असते. खडक तृप्त होईपर्यंत रोज मोजून रोज घालत राहावे लागते, आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

याच्या पुढचा मार्ग जातीवर अवलंबून आहे, म्हणूनच सूक्ष्मदर्शकाचा आग्रह. ऑस्ट्रिऑप्सिस आणि कूलिया रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात. त्यांना यूव्ही स्टरिलायझर (वाहत्या पाण्यातील जीव अतिनील किरणांनी मारणारे यंत्र) उत्तम लागू पडतो. छंदात रूढ असलेला ठोकताळा १० ते १२ लिटरमागे एक वॅट असा आहे. पाणी संपमधून न घेता थेट मुख्य टाकीतून घ्यावे आणि तेथेच सोडावे, प्रवाह मंद ठेवावा, आणि तो रात्रभर चालू असावा. सोबत तीन दिवस पूर्ण अंधार केला, म्हणजे दिवे बंद करून टाकी जाड कापडाने झाकली, तर परिणाम अधिक लवकर दिसतो. नुसता अंधार, यूव्हीवाचून आणि पोषकद्रव्ये न वाढवता केलेला, आठवडाभरात फुकट जातो.

वाळूत राहणारा ॲम्फिडिनियम मात्र रात्रीही पाण्यात येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी यूव्हीवर केलेला खर्च वाया जातो आणि अंधारही त्याला विशेष बाधत नाही. येथे गोष्ट उलटी फिरते: ज्या डायटमला घालवण्यासाठी वर एवढी खटपट सांगितली, त्यांनाच मुद्दाम वाढवून वाळूची जागा व्यापायला लावणे हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग ठरला आहे. त्यासाठी सोडियम सिलिकेटचे द्रावण भरपूर आरओ पाण्यात पातळ करून, लिटरमागे १ ते २ मिलिग्रॅम सिलिका राहील अशा बेताने, प्रवाहाच्या तोंडाशी थेंब थेंब घालावे. मूळ द्रावण अतिशय अल्कधर्मी असते, हातमोजे आणि चष्मा वापरावा. नायट्रेट आणि फॉस्फेट आधी वर आलेले नसतील तर डायटम वाढणार नाहीत, हा क्रम चुकवू नये. या उपचारात वाळूचा तपकिरी रंग काही काळ तसाच राहतो. फरक केवळ भिंगाखाली दिसतो, कारण सरपटणाऱ्या पेशींची जागा काचेच्या होड्या घेऊ लागतात.

थर उपसताना खबरदारी घेणे अत्यावश्यक आहे. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातील विष तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जेनोआच्या किनाऱ्यावर या जीवाची वाढ झाली तेव्हा समुद्री तुषार श्वासात गेल्याने ताप, खोकला आणि श्वासाच्या त्रासाने सुमारे दोनशे लोकांना उपचार घ्यावे लागले होते. घरच्या टाकीचे प्रमाण लहान असले तरी सायफन सुरू करण्यासाठी नळी तोंडाने ओढण्याची आपली सवय येथे पूर्णपणे सोडावी. हातमोजे घालावेत, हातावर जखम असताना टाकीत हात घालू नये, आणि खडक निर्जंतुक करण्यासाठी तो कधीही उकळू नये. झोअँथिड प्रवाळ चिकटलेले खडक उकळल्याने वाफेतून पॅलिटॉक्सिनची विषबाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. उपसलेले पाणी मोज्यासारख्या दाट फिल्टर सॉकमधून गाळून परत टाकीत सोडता येते, म्हणजे पाणी न बदलताही थर कमी करता येतो. डायनो मरू लागले की पाण्यात विष सुटते, म्हणून त्या काळात सक्रिय कार्बन (विष शोषणारा कोळसा) चालू ठेवावा आणि दर आठवड्याला बदलावा. अंधाराच्या दिवसांत हवेचा पंप बॅटरीवर चालेल अशी सोय असावी, कारण नेमकी त्याच वेळी वीज गेली तर प्राणवायूअभावी मासे काही तासांत दगावू शकतात.

उपचार कधी थांबवावा

पहाट-संध्याकाळच्या छायाचित्रांत दोन आठवडे फरक दिसेनासा झाला, गोगलगायींचे मरणे थांबले आणि काचेवर दोनतीन दिवसांनी हिरवट झाक येऊ लागली, की टाकी सावरते आहे असे समजावे. ही हिरवी झाक काहींना नवे संकट वाटते आणि ते लगेच फॉस्फेट शोषक माध्यम परत बसवतात; याच टप्प्यावर डायनो परतल्याची उदाहरणे सर्वांत जास्त आहेत. माध्यम लागलेच तर फॉस्फेट ०.१५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर आणि उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने सुरू करावे. पाणी बदलण्याची सुरुवात आठवड्याला ५ टक्क्यांनी करून महिन्याभरात १० टक्क्यांवर न्यावी. सिलिकेट घालत असल्यास ते एकदम बंद न करता दोनतीन आठवड्यांत उतरवत आणावे. यूव्ही आणखी महिनाभर चालू ठेवावा, आणि दर पंधरा दिवसांनी वाळूचा एक नमुना भिंगाखाली पाहावा. चारशेपट मोठ्या दृश्यात एखादी डायनोची पेशी सापडली तरी घाबरण्याचे कारण नाही, मात्र प्रत्येक दृश्यात पाचसहा दिसू लागल्या तर त्याच दिवशी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजावे.